दोन बाय अडीचचा डक्ट

२०१९ चा मे महिना होता, पूर यायच्या आधीचा उन्हाळा, म्हणून नीट लक्षात आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका बिल्डिंगमधनं फोन आला की मॅडम तिसऱ्या मजल्याच्या बेडरूमला ओल आलीय, प्लंबर म्हणतोय डक्टमधला पाईप गळतोय, पण तुम्ही एकदा येऊन बघून जा, बीमला काही झालेलं नको. बिल्डिंग आठ वर्षांची, ड्रॉइंग माझंच. गेले, गच्चीवर चढले आणि बघते तर डक्टच्या, म्हणजे पाईप खाली नेणाऱ्या उभ्या बोळाच्या, तोंडाशी एक पोरगं दोन्ही पाय कठड्याला रोवून बसलंय आणि हातात कासरा घट्ट धरलाय. म्हशीला बांधतात तोच कासरा. दुसरं टोक डक्टात खाली गेलेलं आणि आतनं हातोडीचा ठोकठोक आवाज.

वाकून बघितलं. खाली पंधरा-वीस फुटांवर आबा. प्लंबरला तिथं सगळे आबाच म्हणतात, वय पंचावन्नच्या पुढं. एक पाय चार इंची पाईपच्या कॉलरवर, दुसरा समोरच्या भिंतीला दाबलेला, पाठ मागच्या भिंतीला, तोंडात टॉर्च आणि कमरेला तो कासरा. त्याच्या खाली अजून तीसेक फूट काळोख. हाक मारली तर दचकेल म्हणून मी गप्प उभी राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, उन्हानं डोकं तापलं एवढं आठवतंय. शेवटी आबा खरचटलेल्या कोपरांनी वर आला, बादलीतलं पाणी तोंडावर मारलं, आणि मी कोण हे ठाऊक नसल्यामुळं अगदी मोकळेपणानं म्हणाला, "कुनी काढलाय वो ह्यो डक्ट? मानूस बगून काढलाय का मांजार बगून?"

मी "बघते" एवढंच म्हणाले.

कुणी काढलाय ते मला चांगलंच माहीत होतं, आणि कसा काढलाय तेही. पहिल्या प्लॅनमध्ये तो साडेतीन बाय चारचा होता. मग मास्टर बेडरूमच्या वॉर्डरोबला दीड फूट कमी पडतंय अशी तक्रार आली, म्हणून ते दीड फूट डक्टातनं घेतलं, मग टॉयलेट जरा मोठं हवं झालं, तेही तिथनंच. बाथरूमच्या खिडक्या दुसऱ्या बाजूला होत्या त्यामुळं हवेच्या नियमाचा प्रश्न नव्हता, हा निव्वळ पाईपांचा डक्ट. राहिला दोन बाय अडीच फूट, त्यात चार पाईप. माऊसनं दोन रेघा सरकवल्या, दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी सगळे खूष होते, मी पण. आत कधीतरी माणूस उतरणार आहे हा विचार त्या दोन मिनिटांत आला नाही. आला आणि बाजूला सारला असंही नाही, आलाच नाही.

ड्रॉइंगमध्ये बिल्डिंग कायम बांधून झालेली असते. सोफा असतो, पार्किंगमध्ये गाडी, कंपाउंडला झाडं, आणि थ्रीडी व्ह्यू केला तर बाल्कनीत चहाचा कप घेऊन एक बाई पण उभी असते. पण ती बाल्कनी ओतली जाताना तिच्या कडेला कोण उभं असणार, तिचा छज्जा दहा वर्षांनी कोण रंगवणार, गच्चीवरची टाकी धुवायला कोण कुठनं चढणार, हे कुठल्याच शीटवर नसतं. मी वीसेक वर्षं आरसीसीचं, म्हणजे सळई-काँक्रीटच्या डिझाईनचं, काम करतेय, हजारो शीट काढली असतील, एकावरही नाही.

त्या रात्री नेटवर शोधत बसले. ब्रिटनमध्ये १९९४ सालीच नियम केलेत, १९९५ पासून लागू, नंतर २००७ आणि २०१५ ला सुधारलेले, की बांधणाऱ्याच्या, दुरुस्ती करणाऱ्याच्या, साफ करणाऱ्याच्या जिवाला होणारा धोका डिझाईन करणाऱ्यानंच आधी ओळखायचा, जमेल तेवढा कागदावरच संपवायचा, आणि जो उरेल तो लिहून पुढच्याला सांगायचा. काम झालं की मालकाच्या हातात एक फाईल द्यायची ज्यात पुढं इथं काम करणाऱ्यानं काय जपायचं ते असतं. लंडनचं २०१२ चं ऑलिम्पिक पार्क बांधताना एकही कामगार दगावला नाही, आणि त्याचं श्रेय ह्या आधीच्या विचाराला बरंच दिलं जातं. मी म्हटलं असेल बाबा, त्यांचं काय, त्यांच्याकडं पैसा आहे.

मग आपल्याकडचं शोधलं आणि खरी चपराक तिथं बसली. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा, हे माहीत होतं, म्हणजे एक टक्का सेस, उपकर, भरावा लागतो एवढंच माहीत होतं, कारण प्लॅन मंजुरीच्या वेळी सगळे सेसचंच विचारतात. पण त्याच कायद्याचे १९९८ चे केंद्रीय नियम होते आणि त्यात आर्किटेक्ट, इंजिनिअर, डिझायनर यांची जबाबदारी वेगळी लिहिली होती. प्लॅनिंगच्या वेळीच कामगारांच्या सुरक्षेचा विचार करा, टाळता येईल असं धोकादायक काही डिझाईनमध्ये घालू नका, आणि पुढं देखभाल करणाऱ्याला काय धोका असेल तेही बघा. तिसरा मुद्दा वाचताना मला आबाची कोपरं दिसायला लागली. २०२० साली संसदेनं जो नवा सेफ्टीचा कोड पास केला त्यातही डिझायनरच्या कर्तव्याचं कलम आहे. म्हणजे नियम माझ्या डिप्लोमाच्याही आधीपासून होता, आणि इतक्या वर्षांत एकाही मास्तरनं, एकाही साहेबानं, एकाही सेमिनारमध्ये (जेवण चांगलं असतं तिथं) हा विषय काढला नाही. मी पण वाचला नाही, हे आलंच.

आणि १९९६ च्या त्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर, किंवा स्वतःच्या राहण्याचं दहा लाखांच्या आतलं घर असेल तर, तो लागूच नव्हता. आमच्याकडची गावाकडची किती कामं त्यातनं सुटत होती ते बघा. एक गवंडी, तीन बिगारी, एक मालक आणि आम्ही.

आता सांगलीचं सांगते. आमच्याकडं काळी माती. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल अशा भेगा आणि पाऊस पडला की फुगते. मुरूम लागेपर्यंत फुटिंगचे, म्हणजे कॉलमच्या पायाचे, खड्डे आठ फूट, दहा फूट जातात. जेसीबी तासात खड्डा काढतो आणि माती काठावरच ढीग करून ठेवतो, कारण प्लॉट असतो तीस बाय पन्नासचा, दुसरीकडं टाकणार कुठं. आणि मग त्या खड्ड्यात दोन बिगारी उतरतात, तळ सपाट करायला, पीसीसी म्हणजे तळाचं साधं काँक्रीट टाकायला, जाळी बसवायला. आपल्या भारतीय मानकात स्पष्ट आहे, मातीतला चर दीड मीटरपेक्षा खोल गेला की बाजूंना फळ्या-टेकू लावा, आणि काढलेली माती काठापासनं निदान दीड मीटर लांब ठेवा, खोल असेल तर त्याहून लांब. मी घराच्या खड्ड्याला फळ्या लावलेल्या आजवर दोनदा बघितल्यात, त्यातल्या एकदा मीच भांडून लावायला लावल्या होत्या.

सांगलीवाडीच्या बाजूच्या एका साईटवर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खड्ड्याची एक बाजू बसली. जेवायची सुट्टी होती. बिगारी लिंबाखाली भाकरी सोडून बसले होते आणि धप्प असा नुसता आवाज आला, पोतं टाकल्यासारखा. एक फावडं, दोन घमेली आणि एकाची चप्पल आत राहिली. मी पोचले तेव्हा तो माणूस एका पायात चप्पल घालून उभा होता आणि मुकादमाला विचारत होता की चप्पल काढू का जाऊन. ओली काळी माती घनमीटरला दीड टनाच्या वर जाते, छातीपर्यंत जरी आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही, हे मी त्याला सांगितलं, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की हे ह्याला सांगून काय उपयोग, दहा फुटांचं फुटिंग त्यानं थोडंच काढलं होतं.

काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाईल असतात, ऑगरनं, म्हणजे मोठ्या गिरमिटानं, भोक पाडायचं, तळाशी फुगवटा करायचा, पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट ओतायचं. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ह्याच मातीसाठी हे काम पूर्वीच करून ठेवलंय. आम्ही ते शिकतो फुगणाऱ्या मातीत घराला तडे जाऊ नयेत म्हणून. पण त्यात माणसाला खड्ड्यात उतरावंच लागत नाही ही गोष्ट पुस्तकात फायदा म्हणून लिहिलेली मी तरी वाचली नाही. आता जिथं जमेल तिथं मालकाला सुचवते. मालक म्हणतो शेजाऱ्यानं फुटिंगच घेतलंय की. मग निदान हिशोब करून दाखवते, किंवा खोदाई एप्रिलातच उरका म्हणते, जुलैपर्यंत नेऊ नका, कारण जुलै लागला की सगळी सांगली आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी किती फूट ते मोजत बसते आणि खड्ड्यात खालनंच पाणी लागतं. तारीख ठरवणं हे पण डिझाईनच आहे, असं मला आता वाटायला लागलंय.

छज्जाचं तर वेगळंच. छज्जा म्हणजे एका बाजूनं लटकणारी फळी, त्यामुळं तिची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. ड्रॉइंगमध्ये वरच दाखवलेली असते. पण काँक्रीट ओतताना घमेलंवाल्या बाया आणि पोरं त्या सळयांवरूनच चालतात, दुसरीकडं पाय ठेवायला जागाच नसते, आणि सळई दबून खाली जाते. वरनं काँक्रीट पडलं की कुणाला दिसतंय. मग कधी सेंट्रिंग काढतानाच छज्जा येतो खाली, खोलणाऱ्या पोरासकट, नाहीतर दहा वर्षांनी पेंटर रंगाचा डबा घेऊन उभा राहतो तेव्हा. आम्ही म्हणणार कामगारांनी चूक केली. अरे पण चालायला जागा कुठं ठेवली होती? आता मी छज्जाच्या सळयांखाली चेअर, म्हणजे सळई वर उचलून धरणारे आधार, किती अंतरावर हे काढून देते आणि ओतताना वरनं फळी टाका, फळीवरनंच चाला असं ठळक अक्षरात लिहिते. तरी स्लॅबच्या दिवशी स्वतः जाते, कारण ठळक अक्षरं सिमेंटच्या पोत्याखाली असतात.

तारांचंही बोलायला पाहिजे. नियमात ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाईन इमारतीपासनं आडवी १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर लांब हवी. आम्ही प्लॅनवर मोजून दाखवतो, बसतंय, पास. पण हे अंतर उभ्या राहिलेल्या घराचं झालं. घर उभं राहत असताना बारा मीटरची म्हणजे चाळीस फुटांची सळई खालनं वर जात असते, दोघंजण धरून, हेलकावे खात. तिला १.२ मीटर म्हणजे काय. ओळखीच्या एका साईटवर, कुपवाडच्या पुढं, सळई वर घेताना तारेला लागली. पोरगं कर्नाटकातल्या इंडीकडचं, एकोणीस वर्षांचं. मी त्या साईटची कुणी नव्हते, पण प्लॅन बघायला मागितला होता. प्लॅनवर रस्ता होता, गटार होतं, नारळाचं झाड सुद्धा होतं. तार नव्हती. तेव्हापासनं मी साईट प्लॅनवर तार लाल रेघेनं काढते, सळई कुठल्या बाजूनं वर जाणार ते बाणानं दाखवते, आणि लाईन हलवायचा अर्ज काम सुरू व्हायच्या आधी टाका म्हणून मालकाच्या मागं लागते. महावितरणची फी ऐकली की मालकाचा चेहरा पडतो, पण कधीकधी भरतो.

हेल्मेटचं लोक मला सांगतात. मॅडम हेल्मेट कंपल्सरी करा की. मी दहा आणली होती, पिवळी. त्यातली दोन वाळू चाळताना बारीकसारीक वस्तू ठेवायला आणि एकात कढीपत्त्याचं रोप आहे, वॉचमनच्या खोलीसमोर, चांगलं वाढलंय. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, हे सांगण्यात चूक नाही, पण सुरक्षेवाल्यांच्या उतरंडीत ते सगळ्यात शेवटी येतं. आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचं काहीतरी आणा, मग अडथळे उभे करा, मग नियम करा, आणि काहीच उरलं नाही तर हेल्मेट. आमच्याकडं सुरुवातच तिथनं होते आणि शेवटही तिथंच. आणि मला सांगा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेलं घमेलं, अशी बाई हेल्मेट घालणार कुठं? हे मला एका विजापूरकडच्या बाईनंच दाखवलं, चुंबळ हेल्मेटवर ठेवून. घसरली. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं असेल तर स्लॅबला लिफ्ट लावायला लागेल, आणि लिफ्ट लावायला प्लॅनमध्ये तिला जागा सोडायला लागेल. परत माझ्याच टेबलावर येऊन थांबलं.

वजनाचंही तसंच. मार्केट यार्डातल्या हमालांनी शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणायला वर्षानुवर्षं भांडण केलं, आमच्या सांगलीत हळदीच्या पेठेत हे सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. बांधकामावर तसं भांडणारं कुणी नाही. मी वर्षानुवर्षं सहा इंची सॉलिड ब्लॉक लिहीत आले, एकेक पंचवीस किलोच्या आसपास, गवंडी दिवसभर उचलतो, वाकतो, ठेवतो. ब्रिटनमध्ये वीस किलोच्या वरचा ब्लॉक एकट्यानं सारखा उचलायला लावू नये असा संकेत आहे. हलका एएसी, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा, ब्लॉक आकारानं मोठा असून बारा किलोच्या आत बसतो. जिथं चालतंय तिथं आता तो लिहिते. पहिल्यांदा लिहिला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "ह्यो ब्लॉक हाय का टोस्ट हाय?" महिन्याभरानं त्यानंच दुसऱ्या साईटला मागितला.

एक गोष्ट मात्र फुकटातली आहे आणि तिचा मला जरा गर्व आहे, असू द्या. स्लॅब झाल्यापासनं कठड्याची भिंत होईपर्यंत मध्ये महिना दोन महिने जातात, आणि तेवढे दिवस स्लॅबची कड उघडीच असते. त्याच कडेला उभं राहून पोरं फोनवर बोलतात, क्युरिंगचं पाणी मारतात, तंबाखू मळतात. तर मी कडेच्या बीमवर दर आठ फुटांवर पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा उभा दाखवते, काँक्रीट ओतायच्या आधी बांधून टाकायचा, तोंडाला पोत्याचा बोळा. स्लॅब झाला की त्यात लोखंडी पाईप उभे करायचे, दोन आडवे बांबू बांधायचे, झाला कठडा. नंतर पाईप काढून पुढच्या मजल्यावर. तुकडे प्लंबरच्या भंगारात मिळतात. पहिल्या साईटवर कॉन्ट्रॅक्टर विसरला, दुसऱ्या साईटवर मुद्दाम विसरला, तिसऱ्यावर मी स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः पिशवीत तुकडे घेऊन गेले आणि बायंडिंग वायरनं बांधत बसले, साडीवर. मुकादमाला लाज वाटली असावी, त्यानं माझ्या हातातनं तार पिळायचा आकडा काढून घेतला.

सगळं जमतं असं समजू नका. पुरानंतर सगळ्यांना जोतं उंच पाहिजे, पार्किंग उंच पाहिजे, आणि ते बरोबरच आहे, २००५ ला पाणी बघितलं, २०१९ ला बघितलं, २०२१ ला परत बघितलं. पण बिल्डिंग उंच झाली की रंगाऱ्याची परांची पण तेवढीच वर जाते. एका मालकाला मी गच्चीच्या बीममध्ये दोर अडकवायला हुक टाकूया म्हटलं तर म्हणाला मॅडम कशाला, उद्या कुणी गळफास घेतला तर? ह्याला काय उत्तर द्यायचं मला अजून सुचलेलं नाही. हुक टाकायचे राहूनच गेले.

आबाला मी तो डक्ट माझा आहे हे सांगितलं, तिसऱ्या भेटीत. तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मग सांगायचं न्हाई व्हय, म्या आनि काय काय बोललो आस्तो का." मी म्हटलं बोला की. तर म्हणाला, आतनं वळता येत न्हाई, हातोडी फिरवायला कोपर मागं जात न्हाई, आणि प्रत्येक मजल्यावर उभं ऱ्हायला कायतरी द्या. एवढंच. आणि उजेड.

पुढच्या बिल्डिंगमध्ये दिला. साडेतीन बाय चार, प्रत्येक मजल्यावर पॅसेजमधनं दार आणि आत लोखंडी जाळीचा प्लॅटफॉर्म, दाराजवळ दिव्याचं बटन. ह्यावेळी पण वॉर्डरोबला दीड फूट हवं होतं, मी म्हटलं हॉलमधनं घ्या, बराच कालवा झाला, शेवटी वॉर्डरोबच लहान झाला. आबा काम करायला होता. दार उघडून बघितलं आणि मान हलवली, "हितं लोकं सामान ठिवतील बगा."

वर्षभरानं तिथं गळतीचं काम निघालं म्हणून दोघं गेलो. दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं तर जाळीवर कांद्याचं पोतं, गणपतीचं थर्माकोलचं मखर आणि एका पोराची सायकल. आबा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. मखर मी काढलं, पोतं त्यानं, सायकलचं पॅडल जाळीत अडकलं होतं ते पान्यानं सोडवलं. मग बटन दाबलं, आत जाऊन दोन पायांवर उभा राहिला, पिशवीतनं हातोडी काढली.

म्हटलं, "आबा, कासरा नाही आणला आज?"

"म्हशीला नगं व्हय?"